वाचकांचे प्रश्न : दिवा खरंच मंद झाला होता

कथा, नाटक आणि सिनेमात एक माणूस दुसऱ्याच्या मनाचा ताबा कसा घेतो, यावर या महिन्यात नागपूर आणि परिसरातल्या वाचकांकडून प्रश्न मागवले होते. निवडलेली सात पत्रं थोडी आटोपशीर करून इथे दिली आहेत. काही पत्रं फार खाजगी होती, म्हणून सगळ्यांचीच नावं गाळली आहेत.

हल्लीची मुलं कशालाही ‘गॅसलाइटिंग’ म्हणतात. फीचे पैसे मी दिले होते, एवढंच मी म्हटलं, तर मुलगा म्हणाला, ‘आई, तू मला गॅसलाइट करून राहिली.’ या शब्दाचा नेमका अर्थ काय?
— वाचक, धरमपेठ

हा शब्द एका नाटकातून आला. पॅट्रिक हॅमिल्टन यांचं ‘गॅस लाइट’ १९३८ मध्ये इंग्लंडात रंगभूमीवर आलं. त्यावरचा १९४४ चा अमेरिकन चित्रपट जास्त गाजला आणि त्यातल्या भूमिकेसाठी इन्ग्रिड बर्गमनला ऑस्कर मिळालं. नवरा रोज रात्री बाहेर जातो असं सांगून निघतो आणि मागच्या वाटेने त्याच घराच्या माळ्यावर चढून दडवलेले दागिने शोधतो. त्या काळी घरात गॅसचे दिवे असत. वर त्याने दिवा लावला की नळीतला दाब कमी होऊन खाली बायकोच्या खोलीतला दिवा मंदावतो. तिला ते दिसतं, वरून पावलांचा आवाजही येतो. पण घरात दुसरा दिवा कुणी लावलेला नसतो, त्यामुळे हा आपल्याच मनाचा खेळ असावा असं तिला वाटू लागतं.

तिचं मन तिथवर येईल अशी तयारी नवऱ्याने आधीच केलेली असते. तिला दिलेली पिन तो स्वतःच गायब करतो आणि ‘तू हरवलीस’ म्हणतो. गाण्याच्या मैफलीत आपलं घड्याळ सापडत नाही असं दाखवतो आणि चारचौघांत ते तिच्याच पर्समधून काढतो. बाहेर जाणं बंद, पाहुणे बंद. म्हणजे तीन गोष्टी एकत्र आल्या : डोळ्यांनी पाहिलेलं पुन्हा पुन्हा नाकारलं गेलं, दोष तिच्या डोक्यावर टाकला गेला आणि ‘मलाही दिसलं’ म्हणणारं दुसरं माणूस तिच्याजवळ उरू दिलं नाही. तिची सुटका सुरू होते तीही घरात आलेल्या पोलीस अधिकाऱ्याला दिवा मंदावताना दिसतो तेव्हा.

यात साधं खोटं बोलणं बसत नाही, मतभेद बसत नाहीत, विसरणं तर नाहीच नाही. तुमचा फीचा वाद बँकेच्या एका मेसेजने मिटणारा आहे आणि तो मेसेज बघायला दोघंही तयार असाल, तर याला आठवणींचा घोळ म्हणतात. मेसेज दाखवल्यावरही ‘तुझ्या डोक्यात काहीतरी बिघडलंय’ असं कुणी वारंवार म्हणू लागलं, तर तो शब्द वापरा. आपल्याकडे ‘वेड्यात काढणे’ आहे, पण त्यात थट्टाही येते. हे प्रकरण ‘वेडं ठरवणे’ याच्या जवळचं आहे.

मालिकांमधल्या कारस्थानी जावा-नणंदा बघून हसू येतं. खरंच कुणी असं वागतं का?
— वाचक, मानेवाडा

इतकं उघड कुणी वागत नाही. दाराआड उभं राहून, भुवई उंचावून, आपला बेत मोठ्याने बोलून दाखवायचा, ही प्रेक्षकांसाठी केलेली सोय आहे. त्याची किंमत मात्र फसणाऱ्या पात्राला मोजावी लागते. सगळं आपल्याला आधीच कळलेलं असतं, म्हणून ती सून मूर्ख वाटते. वर्षभर रोज अर्धा तास हे बघितलं की ‘फसतात ते बावळटच असतात’ हा समज पक्का होतो. आमची मालिकांवरची खरी तक्रार ही आहे.

स्वगत घालूनही हे नीट करता येतं. शेक्सपिअरचा ‘ऑथेल्लो’ घ्या, ज्यावरून देवलांनी ‘झुंजारराव’ लिहिलं. त्यात ऑथेल्लोच्या हाताखालचा इयागो त्याच्या मनात बायकोबद्दल संशय पेरतो आणि प्रेक्षकांना बेत सांगतोच. तरी तिसऱ्या अंकातला तिसरा प्रवेश बघताना ऑथेल्लो आपल्याला बावळट वाटत नाही, कारण इयागो त्याला काहीच सांगत नाही. ऑथेल्लोचा नायब कॅसिओ त्याच्या बायकोशी बोलून निघून जाताना दिसतो तेव्हा इयागो पुटपुटतो, ‘हे काही मला बरं वाटलं नाही.’ काय म्हणालास, असं विचारल्यावर म्हणतो, ‘काही नाही.’ मग एक निरुपद्रवी प्रश्न टाकतो : तुमचं लग्न ठरत होतं तेव्हा कॅसिओला ठाऊक होतं का? का विचारतोस? उगाच, मनात आलं म्हणून. पुढे ऑथेल्लो विचारतो, तो प्रामाणिक नाही का? इयागो नुसता शब्द परत करतो : ‘प्रामाणिक?’ तुला काय वाटतं? ‘वाटतं?’ शेवटी ऑथेल्लोच चिडून म्हणतो की हा माझेच शब्द मला ऐकवतोय. संशय ऑथेल्लोने स्वतः तयार केला, म्हणून तो त्याला स्वतःचा वाटतो आणि स्वतःच्या विचारावर माणूस सहसा शंका घेत नाही. पुरावा म्हणून वापरलेला बायकोचा रुमाल नंतर येतो. तोवर पुरावा मानायला मन तयार झालेलं असतं.

कान भरणं म्हणजे बाहेरून काही ओतणं, असं आपण समजतो. मंथरेचं बघा. रामाच्या अभिषेकाची बातमी ऐकून वाल्मीकींची कैकेयी आनंदाने तिला दागिना देते. मंथरा तो फेकून देते आणि भरताचं काय होणार, हे विचारते. आईच्या मनात असणारी भीतीच तिने हाताशी धरली.

खरं तर रोजची मालिका हा प्रकार या विषयाला फार सोयीचा आहे, कारण ताबा हळूहळू बसतो आणि मालिकेकडे वेळ भरपूर असतो. बीबीसी रेडिओच्या ‘द आर्चर्स’ या जुन्या मालिकेने हेलन आणि रॉब या जोडप्याची गोष्ट २०१३ पासून २०१६ पर्यंत चालवली. आधी कपड्यांवर बोट, मग गाडी चालवणं बंद, मग पैसे त्याच्या हाती. एकेक भाग किरकोळ वाटावा असा. याच काळात इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा जाचक नियंत्रणाला गुन्हा ठरवणारा कायदा आला. २०१५ च्या त्या कायद्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

आमच्या कॉलेजची ४० मिनिटांची एकांकिका आहे : बायकोला मुठीत ठेवणारा नवरा. तालमीला बोलावलेले लोक दोन ठिकाणी हसले आणि शेवटी सगळ्यांनी एकच विचारलं, ‘ती निघून का जात नाही?’ संहिता सोबत पाठवत आहोत.
— विद्यार्थी, हिंगणा रोड

संहिता वाचली. पहिल्या तीन मिनिटांत थप्पड आहे, सातव्या मिनिटाला ताट फेकलंय आणि ती पहिल्यापासून रडतेय. यात चढ कुठेच नाही. लोक हसले ते याच कारणाने. माणूस तोच आवाज तिसऱ्यांदा चढवतो तेव्हा भीती उरत नाही.

पहिली दहा मिनिटं नवऱ्याला खरोखर चांगला दाखवा. वरवरचा गोडबोल्या नको, प्रेक्षकालाही आवडेल असा हवा. तिचं ऑफिस सीताबर्डीला आहे असं तुम्ही लिहिलंय. तो रोज संध्याकाळी गाडी घेऊन घ्यायला येतो : ‘बसमध्ये धक्के कशाला खातेस? मी आहे ना.’ पंधराव्या मिनिटाला हेच वाक्य तिच्या पगाराच्या खात्याबद्दल येऊ द्या. तिसाव्या मिनिटाला मैत्रिणीसोबत चहाला थांबायचं ती म्हणते तेव्हा पुन्हा तेच, त्याच प्रेमळ आवाजात. शब्द बदलायचे नाहीत आणि सूरही नाही. तिसऱ्यांदा ऐकताना प्रेक्षकाला कळेल की दार बंद झालंय आणि पहिल्यांदा हे वाक्य आपल्यालाही आवडलं होतं. ‘तिला कसं कळलं नाही’ हा प्रश्न तिथे आपोआप गळतो.

मधल्या पायऱ्या लहान ठेवा. येल विद्यापीठात १९६१ मध्ये स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी सुरू केलेला प्रयोग तुम्ही अभ्यासात वाचला असेल. समोरचा चुकला की विजेचा झटका द्यायचा. यंत्रावर ३० बटणं, दर बटणाला १५ व्होल्ट जास्त, शेवट ४५० वर. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. मूळ प्रयोगात ४० पैकी २६ जण शेवटच्या बटणापर्यंत गेले. लेखकाने यातला १५ चा आकडा लक्षात ठेवावा. १५ ला हो म्हटलेल्या माणसाला ३० ला नाही म्हणायला कारण सापडत नाही, मग ४५ ला तरी कुठून सापडणार? राम गणेश गडकऱ्यांनी ‘एकच प्याला’ नाटकात हे अशा कुठल्याही प्रयोगाआधी लिहून ठेवलंय. वकिलीची सनद काही काळ रद्द झाल्याने अपमानाने पोळलेल्या सुधाकराला तळीराम दारुडा व्हायला सांगत नाही, तो एक प्याला पुढे करतो. ‘एकच’ या शब्दात सगळी युक्ती आहे.

तुमच्या संहितेत भाजीचा उल्लेख आहे. तोच धरून पायऱ्या करून दाखवतो :

पहिल्यांदा नवरा म्हणतो, ‘खर्च लिहून ठेवत जाऊ, दोघांनाही सोयीचं.’ यात गैर काय? पुढच्या वेळी वही तो वाचतो. त्यानंतर वही वाचताना सांबारावर, म्हणजे कोथिंबिरीवर, थांबतो : ‘सांबार वीसचा? परवाच तर आणला होता.’ ती कारण सांगते. आणखी एकदा ती कारण सांगते, पण या वेळी त्याने विचारलेलंच नसतं. आणि मग गोकुळपेठच्या बाजाराचा प्रवेश. ती एकटी आहे. सांबाराची जुडी हातात घेते, पिशवीत टाकते, भाव पुन्हा विचारते, जुडी बाहेर काढते आणि परत ठेवते. भाजीवाली म्हणते, ‘काय झालं बाई, ताजा हाय.’ ती म्हणते, ‘नाही, घरी आहे.’ घरी नसतो, हे मागच्या प्रवेशात प्रेक्षकाने पाहिलेलं असतं.

नवरा रंगमंचावर नाही, तरी ती त्याच्या धाकाने हात मागे घेते. एकांकिकेचा कळस हा आहे. थप्पड ठेवायचीच असेल तर याच्यानंतर ठेवा. न ठेवली तरी चालेल, कारण अशा कितीतरी घरांत हात कधीच उचलला जात नाही.

आता ‘ती निघून का जात नाही?’ याचं उत्तर कुठल्याही पात्राने भाषणातून देऊ नये. ते हिशोबातून यावं. एटीएम कार्ड कुणाच्या पाकिटात आहे? ओटीपी कुणाच्या फोनवर येतो? मुलीची शाळा कुठे? एकदा तिला निघू द्या. वर्ध्याला आईकडे जाते, दोन दिवस राहते. तिसऱ्या दिवशी तो संत्रा बर्फीचा डबा घेऊन येतो, सासऱ्यांच्या गुडघ्याची चौकशी करतो, चार कामं करतो. आई तिला आत घेऊन म्हणते, ‘एवढा चांगला माणूस आहे, तूच थोडं सांभाळून घे.’ हा प्रवेश चार मिनिटांचा पुरे. प्रेक्षक मनात तिच्यासाठी दारं शोधत असतो. तो पोहोचायच्या आत ती तिथे जाऊन आलेली असली पाहिजे.

लेनोर वॉकर यांनी १९७९ मध्ये मांडलेलं तीन टप्प्यांचं चक्र, म्हणजे ताण, स्फोट आणि गोडवा, उपयोगी आहे. त्याचं वेळापत्रक मात्र करू नका. गोडवा कधी येईल हे ठरलेलं नसतं, म्हणूनच माणूस वाट बघत राहतो. दर भांडणानंतर गजरा आणला तर प्रेक्षक पुढचा गजरा ओळखेल. एकदा आणा, दोनदा आणू नका, मग भांडण झालेलं नसताना आणा. आणि शेवटचं इन्स्पेक्टरांचं भाषण पूर्ण काढून टाका.

मुलगी चौदा वर्षांची आहे. नायिका नको म्हणते, नायक पिच्छा सोडत नाही आणि शेवटी ती हो म्हणते, असे सिनेमे तिला फार आवडतात. बंद करायला सांगावं का?
— वाचक, प्रतापनगर

बंद करू नका, ती मोबाइलवर बघेल. पिच्छा गोड कशाने वाटतो ते एकदा तिच्यासोबत बसून उलगडा. एक प्रवेश निवडा आणि आवाज बंद करून बघा. गाणं गेलं की उरतो तो रस्ता अडवून उभा असलेला माणूस. मग बघा, कॅमेरा कुणाच्या खांद्यावरून बघतोय? बहुतेक वेळा त्याच्या. तिसरी गोष्ट वेळेची. पाच मिनिटांच्या गाण्यात चार महिने उरकतात, त्या चार महिन्यांत तिने बसचा थांबा बदलला का, क्लास सोडला का, हे कधीच दाखवत नाहीत. मुलीलाच विचारा, या चार महिन्यांत ती रोज काय करत असेल? उत्तरं तिच्याकडून येऊ द्या, तुम्ही देऊ नका. नकार दिल्यावरही पुन्हा पुन्हा पाठलाग करणं किंवा संपर्क साधणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. हे सांगा, पण सगळ्यात शेवटी. सुरुवात कायद्याने केली की चौदा वर्षांचं पोर ऐकणं थांबवतं.

साखळीचं घड्याळ हलवून माणसाला गुलाम करता येतं का? सिनेमातले बाबा तर नजरेनेच करतात.
— वाचक, इतवारी

नाही. संमोहनात लक्ष एकाग्र होतं, सूचना जास्त मानल्या जातात, पण माणसाची इच्छा पुसून त्याला कळसूत्री बाहुली करता येत नाही. ‘ब्रेनवॉशिंग’ हा शब्द एडवर्ड हंटर या अमेरिकन पत्रकाराने १९५० मध्ये चीनबद्दल लिहिताना रुळवला. कोरियन युद्धानंतर २१ अमेरिकन कैद्यांनी मायदेशी परतायला नकार दिला आणि सिनेमावाल्यांना विषय मिळाला. त्या छावण्यांतून सुटलेल्यांशी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट लिफ्टन बोलले, तेव्हा जे समोर आलं त्यात जादू नव्हती : झोप मोडणं, बाहेरची बातमी तोडणं, रोज छोटी कबुली लिहून घेणं आणि सोबत्यांनीच दबाव आणणं.

बाबाच्या मठाची गोष्ट लिहायची असेल तर नजर, धूर, विजेचा कडकडाट सोडा. पहिल्या दिवशी फक्त चप्पल बाहेर, दुसऱ्या दिवशी फोन बाहेर, आठवड्याने घरच्यांचा फोन आला तर आधी सेवेकऱ्याला विचारायचं. चमत्कारापेक्षा कबुलीची वही जास्त भयंकर आहे, कारण एकदा आपली गुपितं त्यांच्या हाती गेली की माणूस स्वतःहून गप्प बसतो. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा अघोरी प्रथा आणि चमत्काराच्या नावाखालच्या फसवणुकीसाठी आहे. वही त्यात सहज सापडत नाही, लेखकाला मात्र ती दाखवता येते.

एक सिनेमा बघताना मला माझंच घर दिसलं. मारत नाहीत, पण बाकी सगळं तेच. मी जास्तच विचार करते आहे का?
— नाव, पत्ता छापू नये

सिनेमा ही काही तपासणी नव्हे. त्यातला नवरा तुमच्या घरातल्या माणसासारखा बोलला म्हणून निष्कर्ष काढू नका आणि तो जास्त क्रूर होता म्हणून आपलं काहीच नाही असंही समजू नका. स्वतःला एवढंच विचारा : ते घरी नसताना मी कशाकशाला घाबरून हात मागे घेते? यादी लांबत गेली तर ती खरी आहे.

तो सिनेमा त्यांना दाखवून ‘बघा, तुम्ही असेच आहात’ असं म्हणू नका. पडद्यावर तिथे माणूस खजील होतो, प्रत्यक्षात पहारा वाढतो. नोंद ठेवा : तारीख, वेळ, नेमके शब्द, कोण हजर होतं. ती सामायिक फोनमध्ये नको, विश्वासातल्या माणसाकडे किंवा ऑफिसच्या टेबलात ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून तुमचं खातं आणखी कुठे चालू आहे का ते बघा. आधार, पासबुक, मुलांचे दाखले यांच्या प्रती घराबाहेर ठेवा.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ मध्ये मारहाणीसोबत शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही येतो. अंगावर वळ असण्याची अट नाही. संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल भरतात, दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबू नका. महिलांना उत्पन्नाची अट न घालता मोफत कायदेशीर मदत मिळते, त्यासाठी १५१०० वर फोन करा किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. नुसतं कुणाशी तरी बोलायचं असेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६, दिवसरात्र. फोन केल्यावर कॉल यादीतून नंबर पुसा.

तुम्ही जास्त विचार करत नाही आहात. आणि लगेच काही ठरवलंच पाहिजे असंही नाही.

आम्ही झाडीपट्टीत (पूर्व विदर्भात) नाटकं करतो. मंडप भरलेला, रात्रभर प्रयोग. तुम्ही म्हणता तसं बारीक बारीक मागच्या रांगेला दिसत नाही. तिथे खलनायक ओरडलाच पाहिजे.
— कलावंत, वडसा

बारीक भाव दिसत नाहीत, हे खरं. बारीक वस्तू मोठी करता येते. चेहऱ्यावरची भीती शेवटच्या रांगेपर्यंत जात नाही, पण किल्ल्यांचा जुडगा जातो, त्याचा आवाज तर नक्कीच जातो. पहिल्या अंकात तो नायिकेच्या कमरेला खुळखुळू द्या. दुसऱ्या अंकात खलनायक तो तिच्या हातून हसतहसत मागून घेतो, ‘तुला ओझं कशाला’ म्हणून. तिसऱ्या अंकात ती बोलत असते, पडद्यामागून जुडग्याचा आवाज येतो आणि ती वाक्य अर्धं सोडते. संगीत मास्तरांना सांगून ठेवा, त्या जागी ठेका द्यायचा नाही. वर टांगलेल्या माइकजवळ किल्ल्या धरल्या तर आवाज फाटतो, विंगेत दोनेक हात लांब उभं राहून वाजवा, आणि पितळी घ्या, लोखंडी किल्ल्यांचा नाद बसका येतो.

तुमच्या खलनायकाने एकदा ओरडायला हरकत नाही, लोक त्यासाठीही येतात. फक्त ते ओरडणं तिच्यावर नको, गड्यावर असू द्या. मग तिच्याकडे वळून तो एकदम हळू बोलला की मंडपातलं बाजूचं बोलणं बंद पडतं. तालमीत ही जागा सगळ्यात मागे बसून ऐका.